लखनच्या ठेल्याची चव

पांगरी फाट्यावर बस प्रवाशांसाठी थांबत नाही, ड्रायव्हरला लखनचा खर्रा पाहिजे असतो म्हणून थांबते, असं माझा नवरा देवानंद म्हणतो. तो स्वतः फाटा ते मंगरूळपीर ऑटो चालवतो, त्यामुळे बसबद्दल त्याच्या तोंडून चांगलं काही निघत नाही. पण लखनच्या खर्ऱ्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता.

माझं शिलाईचं दुकान आणि लखनचा पानठेला यांच्यामध्ये एकच टिनाची भिंत आहे. इकडे मी ब्लाउजला बाही लावत असते आणि तिकडचं सगळं ऐकू येतं. कोणाची सोयाबीन किती झाली, कोणाची सून माहेरी गेली, कोणाची पोरगी पळाली. मी कान देत नाही, ते आपसूकच तिकडे जातात.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि पाटावर ठेवून चांगला गरम होईपर्यंत घोटायचा. मग पुडी बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. त्यावर बंदी आहे म्हणे. आमच्याकडे बंदी आली की भाव थोडा वाढतो, बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं.

लखनचा मात्र एक नेम होता. घाणा घोटून झाला की चिमूटभर आधी स्वतःच्या तोंडात टाकायचा, डोळे मिटून चघळायचा, मान हलवायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. चुना जास्त झाला तर अख्खा घाणा फेकून द्यायचा. मी एकदा म्हटलं, "काहून रे, इतला माल नालीत टाकतं?" तर म्हणाला, "ताई, जे आपन तोंडात टाकत नाई, थे दुसऱ्याच्या तोंडात कसं टाकाव?" गडी इमानदार होता. त्याच्या इमानदारीनंच त्याचा घात केला, आणि हे म्हणताना मला अजून राग येतो.

मागच्या दिवाळीत त्याची बायको माला आमच्याकडे चिवडा घेऊन आली. सोबत तिची तिसरीतली वैभवी होती. माला म्हणाली, "ताई, यंदा चिवड्यात मिरची नाई टाकली. वैभवीच्या बाबाले तिखट सहन नाई होऊन राह्यलं." ज्या माणसाला ठेच्याशिवाय भाकर गोड लागत नव्हती, त्याला तिखट चालेना. मग भाकरीचे तुकडे लहान झाले. पुढे ती दुधात कुस्करून द्यावी लागली, कारण तोंडच उघडेना. वाशीमच्या डॉक्टरनं त्याला तीन बोटं उभी जोडून तोंडात घालायला सांगितली. त्याचं एकच बोट गेलं. डॉक्टरनं लगेच अकोल्याची चिठ्ठी लिहिली.

अकोल्याला कॅन्सर निघाला. गालात होता आणि जबड्यापर्यंत गेला होता.

सरकारी कार्डावर ऑपरेशन झालं, त्यानंतरचा शेक, म्हणजे रेडिएशन, तेसुद्धा कार्डावरच होतं. कार्ड म्हणजे सगळं फुकट, असं ज्याच्या घरात दुखणं नाही त्याला वाटतं. कार्डावर औषध मिळतं. पेशंटच्या आईला दोन वेळचं जेवण मिळत नाही, खोलीचं भाडं मिळत नाही, नाकातल्या नळीतून द्यायचं दूध मिळत नाही, बाहेरून कराव्या लागणाऱ्या तपासण्या मिळत नाहीत. लखनला वाट्याचं दोन एकर कोरडवाहू, तेही भावकीत बटईनं दिलेलं. घर चालायचं ते ठेल्यावर.

त्यामुळे ठरलं असं की लखनसोबत अकोल्याला त्याची म्हातारी आई राहील आणि माला ठेला सांभाळेल. मालाला हे अजिबात पटलं नव्हतं. नवऱ्याच्या उशाशी बायको पाहिजे, असं ती मला चारदा म्हणाली. पण म्हातारीला ठेला जमणारा नव्हता. ऑपरेशनच्या आधी लखननं मालाला जवळ बसवून सांगितलं, "ठेला बंद नको ठेवजो. गिऱ्हाइक एकडाव तुटलं का वापस येत नाई. आन चव बदलू नको देजो." हे त्याचं शेवटचं स्वच्छ बोलणं. त्यानंतर त्याचा अर्धा जबडा काढला आणि छातीचं मांस गालाला लावलं.

माला तोवर ठेल्यावर कधी बसलेली नव्हती. तिचा आणि ठेल्याचा संबंध एवढाच, की लखन रोज घरी जाताना तिच्यासाठी गोड मीठ्या सुपारीची एक पुडी न्यायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं ते चालत आलं होतं. माझ्या नवऱ्यानं कधी शेंगदाण्याची पुडी आणली नाही, म्हणून मला ते चांगलं आठवतं.

मालानं ठेला उघडला त्याच दिवशी गावातली माणसं फाट्यावर जमली. पुढाकार तांड्यावरच्या हेमसिंगचा. त्याचा ट्रॅक्टर आहे, आवाज ट्रॅक्टरसारखाच आणि मन मोठं. त्यानं एक स्टीलचं ताट आणलं होतं. ताटात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं नोटा टाकल्या होत्या. ते त्यानं मालापुढे धरलं.

मालानं पदर नीट केला, पण ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "भाऊ, तुमचं सगळ्याइचं मन मोठं हाय. पन वैभवीचे बाबा उद्या वापस येतीन आन अथीच बसतीन. ताटातले पैसे घेतले तं मंग थे कोनाच्या नजरेले नजर देतीन? द्याचंच असन तं धंदा द्या."

मला तिचा अभिमान वाटला. हेमसिंगचा तर ऊरच भरून आला. "बस्स!" तो गरजला. "धंदाच देऊ. आजपासून अथचा एकई मानूस दुसऱ्या ठेल्यावर गेला तं त्याची माह्याशी गाठ हाय!"

आणि गाव मदतीला लागलं. आमचं गाव एकदा मदतीला लागलं की त्याला आवरणं कठीण.

दिवसाला दोन खर्रे खाणारा पाच खाऊ लागला. सकाळी शेतात जाताना एक, परत येताना एक, आणि लखनच्या नावानं दोन-तीन. जगदेव आप्पांच्या बायकोची तेरवी झाली, तर पंगतीनंतर वाटायला सगळा खर्रा मालाकडून गेला. आप्पा म्हणाले, म्हातारी पुण्यवान होती, तिच्या तेरवीतूनही कोणाचं भलं झालं. आलेल्या पाहुण्यांनाही लखनची गोष्ट सांगून खर्रा खायला लावायचे. कोणी नको म्हटलं तर त्याच्याकडे असं पाहायचे की जणू त्यानं आजारी माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला.

आणि आमचे देवानंद! दोन वर्षांपूर्वी मी रडून-भांडून त्यांचा खर्रा सोडवला होता. एके दिवशी पाहते तर गाल फुगलेला.

"काहून वो, हे काय?"

"मी का शौकानं खाऊन राह्यलो? लखनच्या इलाजाले मदत हाय थे."

"मदत कराची तं तिचं दळन आनून द्या. वैभवीले शाळेत सोडून द्या."

"थे तं करतोच." खरंच करत होता. आणि वरून खर्राही खात होता. इतक्या चांगुलपणानं कोणी खर्रा खात असेल तर त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी दोन दिवस त्याच्या भाजीत मीठ टाकलं नाही, एवढंच केलं.

ठेला मात्र जोरात चालला. दर शुक्रवारी माला मोबाइलवरून अकोल्याला पैसे पाठवायची, त्यात मायलेकरांचा आठवडा निघायचा. रविवारी ठेला दुपारी बंद करून ती डबा घेऊन जायची, संध्याकाळच्या बसनं परत यायची. वैभवी तेवढा वेळ माझ्या मशिनीपाशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची.

शेक सुरू झाला तसा लखनचा घसा आतून भाजून निघाला. थुंकी गिळता येईना. म्हातारीचा फोन आला, तो मी टिनाच्या भिंतीआडून ऐकला, कारण मालानं तो स्पीकरवर लावला होता. म्हातारी रडत होती. "तो नाई म्हनून राह्यला व. घरी चाल म्हनते. इशाऱ्यानं सांगते का बस झालं." माला म्हणाली, "आत्याबाई, त्याइच्या कानाले फोन लावा." मग हळू आवाजात म्हणाली, "वैभवीचे बाबा, ठेला चालू हाय. चव तुमचीच हाय. एकई गिऱ्हाइक तुटलं नाई. पैसा येऊन राह्यला. आता तुमी भागनार का?" लखन शेक पुरा करायला अकोल्यालाच थांबला. डॉक्टरनं बजावलं होतं की शेकात खंड पडता कामा नये, पडला तर केलं-सवरलं पाण्यात जाईल. तेव्हा शुक्रवारचा पैसा चुकणं म्हणजे काय, हे मालाला माहीत होतं आणि मलाही.

एक गोष्ट मला सुरुवातीपासून दिसायची. माला खर्रा घोटायची ती आमच्याकडे तोंड करून, पण घोटून झाला की पाठ फिरवायची. क्षणभर मान खाली घालायची. मग ठेल्याच्या मागे जाऊन चूळ भरायची, तोंड धुवायची आणि येऊन पुड्या बांधायची. दर घाण्याला असंच. आम्हाला वाटायचं, रडते बिचारी. ज्यानं नवऱ्याला खाल्लं ते स्वतःच्या हातानं घोटावं लागतं, तर बाई रडणार नाही तर काय करेल? एकदा दोन टोळभैरव तिच्या पाठीकडे टक लावून पाहत होते, तर मी कैची घेऊन बाहेर आले आणि त्यांना असं फैलावर घेतलं की ते खर्रा न घेताच गेले. तेवढं माझ्या हातून चांगलं झालं.

दुसरी गोष्ट ठेच्याची. मी मालाला अधूनमधून भाकर आणि ठेचा पाठवायची. तिला एकटीला रांधायला वेळ कुठला? भाकर खाल्ली जायची, पण ठेच्याची वाटी जशीच्या तशी परत यायची. विचारलं तर म्हणाली, "मी तिखट सोडलं, ताई." मी समजून गेले. आमच्याकडच्या बायका असं सोडतात. नवऱ्याला गुण यावा म्हणून कोणी भात सोडते, कोणी गोड सोडते. लखनला तिखट चालत नाही, म्हणून हिनं तिखट सोडलं असणार. सगळ्या गावात ही गोष्ट झाली. बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण देऊ लागल्या. माझ्या सासूनंही मला दिलं.

मग एके दिवशी जेवताना देवानंदनं ठेच्याची वाटी बाजूला सारली. "आज तिखट जास्त झालं वाटते," म्हणाला.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ठेचा रोजचाच होता. मी हात धुतले आणि तशीच ठेल्यावर गेले. गिऱ्हाइकं होती, पण मला गिऱ्हाइकं दिसली नाहीत.

"माला, तुले लाज नाई वाटत? एक संसार जळाला थे कमी पडलं, आता माहा जाळून राह्यली!"

माला घोटत होती. थांबली नाही. "वाटते, ताई. रोज वाटते."

"मंग बंद कर हे!"

"आन शुक्रवारी काय पाठवू? तुमी सांगा." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता शेकाचा थोडाच भाग राह्यला. मधात पैसा नाई गेला तं मायलेक घरी येतीन. मी काय विकू? फुटाने विकू? बिस्कुट विकू? कोन घेईन? खर्ऱ्याची तलफ येते मानसाले, फुटान्याची येते का?"

उत्तर नसलं की मी जास्तच ओरडते, तशी ओरडले. नको ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग घाण्याकडे पाठ फिरवून, मान खाली घालून उभी राहिली, आणि मला वाटलं, मी तिला रडवलं. मी घरी आले आणि मीच रडले.

दुसऱ्या दिवशी देवानंद ठेल्यावर गेला तर माला म्हणाली, "देवाभाऊ, तुमाले नाई."

"काहून? माहा पैसा खोटा हाय का?"

"तुमाले नाई म्हनलं ना."

आमचे साहेब रुसले. मदतीला गेलेल्या माणसाचा असा अपमान! त्या रागात त्यांनी दुसऱ्या ठेल्यावरही पाय ठेवला नाही. रुसून का होईना, खर्रा सुटला. मालाचं आणि माझं बोलणं मात्र बंद पडलं. भाकर मी पाठवत राहिले, ठेचाही ठेवत राहिले, आणि वाटी तशीच परत येत राहिली.

ऊन तापायला लागलं तेव्हा लखन घरी आला. गमछ्यानं अर्धा चेहरा झाकलेला, अंगावर मांस नाही, गळ्याची कातडी काळी पडलेली. सगळं गाव पाहायला गेलं. वैभवी पहिल्या दिवशी त्याच्या जवळ गेली नाही, दारामागून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन तिनं बारकाईनं गाल पाहिला आणि विचारलं, "बाबा, तुमच्या गालावर छातीचे केस काहून उगले?" लखन हसला. हसू एकाच बाजूनं आलं, पण आलं. मग ती त्याच्या मांडीवरून उठेचना.

तीन-चार दिवसांनी तो ठेल्यावर आला. मालाला ते नको होतं. डॉक्टरनं अजून तपासणीला बोलावलं होतं, पुढचा खर्च उभाच होता, आणि हा चेहरा पाहून गिऱ्हाइक पळालं तर? ती असं बोलली नाही, पण सारखी त्याचा गमछा नीट करत होती. लखन मात्र आपल्या जागेवर बसला, पाटावरून हात फिरवला आणि खुणेनं डबे मागून घेतले.

पहिला हेमसिंग आला. "लखन! ये मेरे भाऊ! दे आज तुह्या हातचा."

पाच-सहा माणसं जमली. मी मशीन थांबवून बाहेर येऊन उभी राहिले. लखननं सुपारी घातली, तंबाखू घातला, चुना लावला. घोटायची लय तीच होती. पन्नी गरम झाली. त्यानं ती उघडली, चिमूट घेतली आणि सवयीनं तोंडाकडे नेली.

चिमूट ओठापाशी थांबली. त्यानं ती खाली पाटावर ठेवली. मग मालाकडे पाहिलं. त्याचं बोलणं आता तुटक येतं, अर्धे शब्द घशातच राहतात. मी ते सरळ करून सांगते.

"इतले दिवस चव कोन पाहे?"

माला ठेल्यावरच्या मळक्या फडक्याची घडी करू लागली.

"माला. चव कोन पाहे?"

मला दर घाण्याला फिरणारी तिची पाठ आठवली. खाली गेलेली मान आठवली, आणि मागे जाऊन भरलेली चूळ. ठेच्याच्या सगळ्या वाट्या आठवल्या. मी टिनाला धरून उभी राहिले.

लखन उठला. त्यानं उजव्या हाताची तीन बोटं जोडून उभी केली, डॉक्टर करतात तशी.

"आ कर."

"लोकं पाहून राह्यले," माला पुटपुटली.

"पाहू दे. आ कर."

तिनं तोंड उघडलं. उघडलं म्हणजे जेवढं उघडलं तेवढं. लखनची दोन बोटं गेली. तिसरं दाताला अडलं. त्यानं हात काढला, बोटं पुन्हा नीट जुळवली, हळूच पुन्हा लावली. तिसरं बोट पुन्हा अडलं. मालाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं तोंड मिटलं नाही, त्यानं सांगितल्याशिवाय.

"काहून केलं व असं?" लखन म्हणाला.

"तुमीच तं म्हनलं होतं, चव बदलू नको देजो." माला लहान पोरीसारखी रडत बोलत होती. "मले कुठं समजे चुना किती, तंबाखू किती? तोंडात टाकूनच समजे. मी थुकून देत होती वो. दरवेळेस चूळ भरत होती. आन चव बदलली असती, गिऱ्हाइक तुटलं असतं, तं तुमचा शेक बंद पडला असता."

लखन मटकन बसला आणि रडू लागला. अर्धा जबडा नसलेल्या माणसाला धड रडताही येत नाही. आवाज येत होता, तो ऐकवत नव्हता. हेमसिंगसारखा हेमसिंग, पण त्यानं गालातला खर्रा काढून हातात धरला होता आणि तो कुठे टाकावा हे त्याला कळत नव्हतं. आमच्या मदतीचे सगळे घाणे आधी या पोरीच्या तोंडातून गेले होते, आणि एवढ्या मोठ्या गावात एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं की चव कोण पाहते. मीही त्यातच.

लखननं डोळे पुसले. पाटावरचा घाणा उचलून नालीत टाकला. मग तंबाखूचा डबा उपडा केला, मग सुपारीचा. आणि हेमसिंगला म्हणाला, "भाऊ, तुमचं थे ताट कोठी हाय?"

"हाय ना. घरी हाय."

"थे आना. ज्याले मदत कराची हाय, थ्यानं ताटात टाकाव. तोंडात नाई."

मालानं मान वर केली. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. पण लखननं तिचा हात धरून ठेवला होता, आणि तो सगळ्यांच्या नजरेला नजर देऊन पाहत होता. मोकळ्या हातानं तिनं फळीवर ताटापुरती जागा केली.

पुढच्या तपासणीला अकोल्याला गेले तेव्हा डॉक्टरनं दोघांनाही खुर्चीत बसवलं. लखनचं सध्या ठीक आहे, पुढे नेमानं दाखवत राहायचं म्हणाले. मालाचं तोंड आतून आखडायला लागलंय, पण सुरुवात आहे, आता सुपारीचं खांडसुद्धा तोंडात जाता कामा नये. मीठी सुपारीही नाही. ते ऐकून लखननं खाली मान घातली, असं म्हातारी सांगत होती. इतक्या वर्षांची रोजची पुडी त्याच्या डोळ्यांपुढे आली असेल.

आता ठेल्यावर चहा, फुटाणे, मुरमुरे आणि शाळेच्या पोरांसाठी गोळ्या मिळतात. पहिल्याइतका धंदा नाही, खोटं कशाला बोलू? काही माणसं दुसऱ्या ठेल्यावर गेली आणि आता आमच्या ठेल्यासमोरून जाताना चपलीकडे पाहत जातात. हेमसिंग फुटाणे घेतो. तलफ आली की मूठभर तोंडात टाकतो आणि फुटाण्यांना शिव्या देत चावतो. ताट अजून ठेल्याच्या फळीवर असतं. जगदेव आप्पा रोज त्यात काही टाकतात आणि कोणी पाहत नाही ना, हे आधी पाहून घेतात.

डॉक्टरनं दोघांना तोंडाचा व्यायाम दिला आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. त्या सरकवायचं काम वैभवीचं. शाळेतून आली की दोघांना ठेल्याच्या बाकावर बसवते आणि काड्या घालते. मी एकदा मध्येच काही विचारायला गेले तर मला म्हणाली, "मावशी, आता बोलू नका त्याइच्याशी. शाळा सुरू हाय." दोघं नवरा-बायको तोंडात काड्या धरून एकमेकांकडे पाहत बसलेले असतात. हसू आलं तर काड्या पडतात आणि पोरगी रागावते. एके दिवशी पाहते तर तिसऱ्या जागेवर देवानंद बसलेला, ऑटो रस्त्यात उभा, तोंडात काड्या. मी आल्या पावली मशिनीकडे परत गेले.

मालाचं आणि माझं बोलणं आपोआप सुरू झालं. कोणी आधी सुरू केलं ते आठवत नाही. भाकर मी अजून पाठवते, सोबत ठेच्याची वाटीही ठेवते. का ठेवते ते मलाही सांगता येत नव्हतं, सवय म्हणा. वाटी तशीच परत यायची, आणि मी तो ठेचा गुपचूप आमच्या भाजीत घालायची.

परवा दुपारी वैभवी वाटी घेऊन आली. मी मशीन चालवत होते, हातानंच खुणावलं, ठेव तिथं. ती ठेवून गेली. जरा वेळानं माझं लक्ष गेलं तर वाटी फुटाण्यांनी भरलेली होती. भांडं रिकामं परत करू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. पण रीत पाळायला आधी भांडं रिकामं तर व्हावं लागतं.

मी फुटाणे हातावर ओतून घेतले. वाटी बोटानं पुसल्यासारखी स्वच्छ होती. मी टिनाच्या भिंतीवर थाप मारली आणि विचारलं, "माला, ठेचा कोनं खाल्ला व?"

तिकडून आधी सूं-सूं असा आवाज आला, तिखट लागलेल्या माणसाचा. मग लखनचं ते एका बाजूचं हसू ऐकू आलं.

"मी खाल्ला, ताई," माला म्हणाली. "जरा जास्तच तिखट होता. उद्या आनखी पाठवजा."